चर्चची फाइल

आमचं नाशिकमधलं चर्च कुणाच्या संमतीने पाडलं, हे मला लिहून ठेवायचं होतं. त्यासाठी महिनाभर महापालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये खेटे घातले. तिथला निफाडहून येणारा कारकून बडीशेप चघळत दर वेळी म्हणे, “फाइल काय सापडत नाय, ताई. चहा घ्या.” कामचुकार माणूस, असं मी घरी सांगायचे.

काल त्याच्या जेवणाच्या डब्याखाली मला ती फाइल दिसली. मी ओढलीच. चर्चच्या विश्वस्तांनी पाडकामाच्या अर्जाला जोडलेल्या संमतीपत्रावर आम्हा सगळ्यांच्या सह्या होत्या. रविवारच्या उपासनेनंतर, कौलं बदलायची म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर घेतलेल्या. तिसरी सही माझी.

“म्हणूनच सापडत नव्हती, ताई,” तो म्हणाला आणि चहा सांगायला उठला.