शिवडीच्या किल्ल्याला लागलेली लाईन

मी आयुष्यात एकच डोंगर चढलो आहे, आणि तोही मागे दीडशे माणसं रांगेत उभी होती म्हणून. परत फिरायला जागाच नव्हती!

त्याचं असं झालं. आमच्या प्राजूचं लग्न ठरलं. मुलगा गुणी, बंगळूरला नोकरीला. पण त्याचे वडील विद्याधरराव म्हणजे पुण्याचे पट्टीचे ट्रेकर. बोलणी करायला म्हणून आले आणि त्यांनी पोह्यांच्या एकेका घासाबरोबर आम्हाला एकेक किल्ला वाढायला सुरुवात केली. राजगड झाला, तोरणा झाला, हरिश्चंद्रगडावर तर मला ठसकाच लागला. शेवटी हात पुसत म्हणाले, "तुम्हा मुंबईकरांचं काय हो, चढायचं म्हटलं की लिफ्ट!"

आता आम्ही करी रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो (चाळ पाडून टॉवर झाला, माणसं तीच राहिली), त्यामुळे यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते मला लागलं.

"असं कसं, विद्याधरराव?" मी म्हणालो. "मी दर रविवारी डोंगरातच असतो की! आमच्या मुंबईत काय कमी आहे? किल्ले आहेत, जुनी चर्चेस आहेत, चॅपल आहेत. चालणारा पाहिजे!"

चहाचा ट्रे घेऊन आलेली माझी बायको शैला जागच्या जागी थबकली. दर रविवारी मी कुठे असतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? (सोफ्यावर.)

"अरे वा!" विद्याधरराव उसळलेच. "मग येत्या रविवारी आम्हालाही न्या!"

पाहुणे गेल्यावर प्राजू माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, एकच सांगते. मला त्या घरात आयुष्य काढायचंय. सासू-सासऱ्यांसमोर मला तोंड लपवायला लावू नका. रविवारी नुसतं चाला. फेकू नका. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणालो, आणि त्या वेळी ते अगदी मनापासून म्हणालो.

मार्ग मी कागदावर आखला. खोताच्या वाडीतलं चॅपल, तिथून भायखळ्याचं उंच मनोऱ्यांचं चर्च, मग लालबाग, आणि शेवटी शिवडीचा पडका किल्ला. किल्ला टेकडीवर आहे एवढं ऐकून होतो. ट्रेकर लोकांकडे दोर असतो एवढंही ऐकून होतो. आणि दोर तर माझ्याकडे होता! तीस वर्षं मी आमच्या गणेशोत्सव मंडळाचा स्वयंसेवक आहे. गर्दीला रांगेत ठेवणं हे माझं खातं. मंडळाचा निळा नायलॉनचा दोर आणि शिट्टी वर्षातले साडेअकरा महिने माझ्याच माळ्यावर असतात.

शैलाने पिशवीत नारळ टाकला. आम्ही दोघंही मालवणकडचे, त्यामुळे घरातलं भांडण मालवणीत चालतं.

"किल्ल्यार नारळ कशाक?" मी विचारलं.

"पडकी जागा ती. थंय जागेचो राखणदार आसतलो, देवासारखो. तेका सांगल्याशिवाय मी भुतूर पाय ठेवचंय नाय."

"अगो, इंग्रजांचो किल्लो तो!"

"मगे राखणदार इंग्रज आसतलो. तो काय नारळ खायत नाय?"

रविवारी सकाळी सातला खोताच्या वाडीच्या तोंडाशी विद्याधरराव आणि मंदाताई हजर. त्यांच्या पायात जाडजूड बूट, दोन्ही हातांत घडीच्या काठ्या, पाठीवर नळीने पाणी प्यायची सॅक. माझ्या गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोराचं भेंडोळं.

"रोपसुद्धा?" विद्याधरराव चकित झाले. "परबसाहेब, तुम्ही तर तयारीचे निघालात!"

मी नुसता हसलो. (हसणं म्हणजे फेकणं नव्हे.) लाकडी सज्ज्यांच्या घरांमधून आम्ही चिमुकल्या चॅपलपाशी आलो. "किती जुनं असेल हो?" त्यांनी विचारलं. "खूप," मी म्हणालो, आणि प्राजूकडे अभिमानाने पाहिलं.

घोटाळा सुरू झाला तो गिरगावचा मोठा रस्ता ओलांडताना. समोरून बस, बाजूने टॅक्सी, आणि माझ्याबरोबर पुण्याची माणसं. तीस वर्षांची सवय हो! हात आपोआप भेंडोळ्याकडे गेला. दोराचं एक टोक मी धरलं, दुसरं प्राजूच्या हातात दिलं, मधे सगळ्यांना घेतलं आणि शिट्टी फुंकली. "दोरीच्या आत! दोरीच्या आत! पुढे चला!" विद्याधररावांनी मुकाट्याने काठ्या मिटल्या आणि आत आले. सह्याद्री आटोक्यात आला! मग मी दोर गुंडाळलाच नाही.

भायखळ्याला चर्चमधून प्रार्थना आटोपून माणसं बाहेर पडत होती. एक फ्रॉकवाल्या आंटी थांबल्या. दोरी पाहिली, शिट्टी पाहिली. "ये लाइन किसका है?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत प्राजूच्या मागे उभ्याही राहिल्या. त्यांच्यामागे एक कुटुंब आलं. त्यांच्यामागे चौघं वाट वाकडी करून आले. आपल्या मुंबईत दोरी दिसली की माणूस आधी नंबर लावतो, कशासाठी ते पुढे गेल्यावर विचारतो. भायखळ्याचा पूल उतरेपर्यंत मागे पंचवीस माणसं झाली होती.

विद्याधररावांनी मान वळवली. "ही मंडळी कोण, परबसाहेब?"

हाच तो क्षण. "ठाऊक नाही" एवढे दोनच शब्द पुरले असते.

"आमचा ट्रेकिंग ग्रुप," माझं तोंड म्हणालं.

प्राजूच्या हातातल्या टोकाला असा हिसका बसला, की तो मला इकडे कमरेत लागला.

आणि पुढे लालबाग होतं! लालबागमध्ये दोरी घेऊन चालणं म्हणजे शाळेत मधल्या सुट्टीची घंटा वाजवणं. आमच्या मंडळाचा सुऱ्या (वय वर्षं छप्पन्न) दुधाच्या पिशव्या घेऊन घरी चालला होता. दोरी दिसताच त्याने पिशव्या बाकड्यावर ठेवल्या, एक शब्दही न विचारता प्राजूच्या हातातलं टोक घेतलं आणि ओरडला, "चला, पुढे चला! मोबाईल खिशात! लेडीज डाव्या बाजूला!" दहा मिनिटांत शंभराच्या वर माणसं झाली. एकाने विचारलं, "ही नवसाची की मुखदर्शनाची?" दुसऱ्याने चपला काढून हातात घेतल्या.

"तुमच्या ग्रुपमध्ये तान्ही मुलंसुद्धा येतात?" मंदाताईंनी विचारलं.

"लहानपणापासून सवय लागलेली बरी," मी म्हणालो. मागे वळून प्राजूकडे बघायची हिंमत झाली नाही.

शिवडीला गोदामांच्या भिंती संपल्या आणि टेकडी आली. मी चढायला लागलो. विसाव्या पावलाला मी थांबलो. लगेच मागून दीडशे गळे गरजले, "ओ काका, लाईन अडवू नका! पुढे चला!" तीस वर्षं मी जे लोकांवर ओरडलो, ते सगळं एका टेकडीत परत मिळालं. धापा टाकत, शिट्टीतून श्वास घेत (प्रत्येक श्वासाला ती वाजत होती, आणि ती वाजली की रांग आणखी जोर करत होती!) मी एकदाचा वर पोहोचलो.

आणि काय सांगू! छप्पर उडालेल्या खोल्या, दगडी कमान, खाली चिखलाची खाडी, तिच्यात गुलाबी फ्लेमिंगोंचे थवे, पलीकडे समुद्रावरचा लांबच लांब पूल. घरापासून एवढ्या जवळ, आणि मी पन्नाशी उलटली तरी कधी आलो नव्हतो! विद्याधररावांनी टोपी काढली. "परबसाहेब, मानलं तुम्हाला."

माझी छाती फुगली. ती पुरती फुगायच्या आत मागून आवाज आला, "दर्शन कुठाय?"

"मूर्ती कुठे ठेवलीय?" "तासभर चालवलंत आणि वर काहीच नाही?" सुऱ्याही गर्दीतून पुढे आला. "दादा, देव खंय?"

विद्याधरराव आधी गर्दीकडे आणि मग माझ्याकडे बघू लागले. प्राजूने ओढणीत तोंड लपवलं. जे करू नका म्हणून तिने हात जोडले होते, नेमकं तेच मी करून ठेवलं होतं. आता खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर शिट्टी फुंकून फुंकून आवाजच बसलेला!

तेवढ्यात शैला पुढे झाली. पडक्या कमानीसमोर नारळ ठेवला, पदर खोचला आणि गाऱ्हाणं घातलं. (हे घरातल्या पुरुषाने घालायचं असतं, पण घरातला पुरुष फुसफुसत होता.)

"बा राखणदारा म्हाराजाऽ!"

निम्मं लालबाग कोकणातलं. उत्तर आपसूक आलं, "व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां भायखळ्यासून, लालबागेसून चलत तुझ्या पायाकडे इली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"हेंका हंय कित्याक आणल्यानी, ता हेंका ठावक नाय!"

"व्हय म्हाराजा!" (हा सर्वांत मोठा.)

"माझ्या घोवान व्यायांसमोर थाप मारल्यान, की मी दर रविवारी डोंगर चढतंय! तो सोफ्यार पडान आसता! ही माणसां तेच्या ग्रुपाची न्हय, दोरी बघून इली! पोरीक दिलेलो शब्द तेना मोडल्यान! काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल, आणि पोरीचा लगीन सुखान पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" टेकडी दणाणली. फ्लेमिंगो उडाले.

मी डोळे मिटून उभा. तोच मंदाताईंचा शुद्ध पुणेरी आवाज आला, "माझंही एक सांगायचंय, महाराज. आमच्या ह्यांनी निम्मे किल्ले पायथ्याच्या खानावळीत बसून पाहिलेत. तेही पोटात घ्या."

"व्हय म्हाराजा!" यात माझा बसलेला आवाजही होता.

विद्याधरराव लाल झाले. मग गदागदा हसायला लागले आणि त्यांनी मला मिठीच मारली. "हा मात्र पुरता चढलो हं, मंदा! मागून ढकलत होते ना!"

एक नारळ दीडशे जणांत वाटला. खोबऱ्याच्या तुकड्यातून पलीकडचं दिसत होतं, पण कोणी तक्रार केली नाही. आंटींनी पडक्या खिडकीत मेणबत्ती लावली. उतरताना एक गृहस्थ मला म्हणाले, "व्यवस्था छान होती. धक्काबुक्की नाही, व्हीआयपी नाही." प्राजूने ओढणी खाली केली आणि माझा हात घट्ट धरला. "बाबा, तुम्ही फेकलेलं आज पहिल्यांदा खरं झालं." इतका आनंद मला मंडळाच्या कुठल्याही विसर्जनाला झालेला नाही.

लग्न थाटात झालं. ट्रेकिंग ग्रुपही आता खरोखरचा आहे. महिन्यातून एकदा खोताच्या वाडीतून लाईन निघते, विद्याधरराव त्यासाठी पुण्याहून येतात, शेपटाला सुऱ्या असतो. शिट्टी मात्र प्राजूने पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यातून काढून घेतली. परवा शिवडीच्या चढावर मी एका दगडावर टेकलो होतो आणि दोन नव्या माणसांना सांगत होतो, की ही टेकडी मी सहज, एका दमात चढलो होतो. तेवढ्यात कानाशी शिट्टी कडाडली.

"ओ काका! फेकू नका! दोरीच्या आत!"