लोंगचिंगच्या चहात आलं

हे गेल्यावर वर्षभराने मी चीनला निघाले, तेव्हा इंदिरानगरातल्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. काशी नाही, रामेश्वर नाही, आणि चहा बघायला चीन! पण हे सातपूरच्या कंपनीतर्फे मशिनी बघायला हांगझोऊला जायचे आणि दर खेपेला लोंगचिंग नावाच्या हिरव्या चहाचा डबा आणायचे. "एकदा चल, मळे दाखवतो," म्हणायचे. मी "बघू" म्हणत राहिले, आणि ते राहूनच गेलं.

बरोबर लेक होती, मुग्धा. आमच्या इथल्या द्वारका चौकातून मुंबईची टॅक्सी, बँकॉकला विमान बदलून हांगझोऊ, तिथून साध्या सिटीबसने लोंगचिंग गाव. शाकाहारी असाल तर दशम्या आणि चटणी न्याच. माझं तिथे भाताखेरीज कशाशी जमलं नाही.

लोंगचिंग म्हणजे ड्रॅगनची विहीर. गावात ती विहीर अजून आहे, तिच्यावरूनच चहाचं नाव पडलं. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा पितरांचा सण असतो. त्याआधी खुडलेली पानं सगळ्यात कोवळी आणि सगळ्यात महाग. पानं काही तास बांबूच्या सुपांत पसरतात, मग तापल्या कढईत उघड्या हाताने दाबून दाबून भाजतात. त्याने पान चपटं होतं, पण हिरवं राहतं. भाजणाऱ्या आजोबांचे हात बघून मलाच चटके बसत होते.

"तुमच्याकडे हा कसा करतात?" त्यांनी विचारलं. मुग्धाचा मोबाइल भाषांतर करत होता.

मी खरं ते सांगून टाकलं. आलं, साखर, दूध, आणि खळखळून उकळी.

आजोबांनी कढईतून हात काढून घेतला. "याला उकळतं पाणीसुद्धा चालत नाही," ते हळूच म्हणाले, आणि जरा निवलेलं पाणी पानांवर ओतून ग्लास माझ्या हातात दिला. ओल्या हरभऱ्यासारखी गोडसर चव होती. मला रडूच कोसळलं. इतकी वर्षं मी यांच्यापुढे काय ठेवत होते! आणि हे "छान झालाय" म्हणून पीत होते.

परतल्यावर यांच्या हाताखाली काम केलेले पवारभाऊजी भेटायला आले. त्यांना तोच चहा दिला, आजोबांनी दाखवला तसा. एक घोट घेऊन ते म्हणाले, "वहिनी, साहेब कंपनीत हाच प्यायचे. निम्मा डबा तिकडंच ठेवायचे."

"मग घरी का नाही बोलले?"

"म्हणायचे, ती लय हौसेनं आलं घालती, कसं सांगू?"

सांगायचं होतं हो. मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते. पण पाचव्या दिवशी आपण दोघं हा चहा बरोबर बसून प्यायलो असतो.