निळीची रेघ

दादाराव गेला हे मला जऊळका स्टेशनवर कळलं, तेही तीन आठवड्यांनी. त्याच्या गावचा एक जण बिडी पेटवता पेटवता म्हणाला, "तो भिंतवाला दादाराव गेला ना बापा, तापानं." भिंतवाला! ज्याची भिंत पाहिल्याशिवाय गावातली बाई घागर उचलत नव्हती, त्याची एवढीच ओळख उरली... माझं डोकं सणकलं, ते अजून शांत झालेलं नाही.

दुष्काळाच्या साली मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. विहिरींच्या पाण्याचे तक्ते माझ्याकडे यायचे. तेरा रकाने, तीन प्रती. मी ते बांधून कपाटात टाकायचो आणि कुणी कधी मागायचं नाही. दादाराव बौद्ध वस्तीतला, सातवी शिकलेला मजूर. त्यानं हाता-हातावर गाठी मारून एक दोर केला. रोज पहाटे विहिरींचं पाणी मोजायचं आणि कामावर जाण्याआधी चावडीच्या भिंतीवर एकेका विहिरीची निळीची रेघ ओढायची. पाणी जितके हात, तितकी रेघ उंच. अक्षर न येणाऱ्या बाईलाही लांबूनच कळायचं, आज कुठं जायचं. मी एकदा म्हटलं, कचेरीचा तक्ताही भरत जा की. "वाचते कोन तो?" त्यानं विचारलं.

सवर्णांच्या मोठ्या विहिरीत मात्र त्याचा दोर चालत नव्हता. रेघ हवी, दोर नको! "मंग काठावरून डोये लावून मोजू काय?" तो म्हणाला. शेवटी त्या लोकांनी नवा दोर आणला, सारख्या अंतरावर गाठी जमेनात म्हणून त्याच्याकडूनच मारून घेतल्या आणि स्वतः आत सोडला. त्या गाठींचा विटाळ कुणालाच झाला नाही.

त्यांच्यावर राग आहेच, पण माझ्यावर जास्त आहे. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून चावडीला चुना मारायला मीच सांगितलं. भिंत पांढरीफटक झाली. साहेबांनी पाण्याचं विचारलं तेव्हा मी महिन्यापूर्वीचा तक्ता पुढं केला. ते समाधानानं गेले. त्याच दुपारी बाया अंदाजानं लांबच्या विहिरीवर गेल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. संध्याकाळी दादाराव भिंतीपाशी नीळ कालवत बसला होता. मला म्हणाला, "पुढच्या वक्ती चुना मारान तं मले आधी सांगजा. मी लोकायले तोंडानं सांगत जाईन." त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

बातमी कळली तशी गाडी सोडली आणि त्याचं गाव गाठलं. त्याच्या बायकोनं, पंचफुलावहिनीनं, चहा टाकला. खुंटीवर तोच गाठींचा दोर होता. मला राहवलं नाही.

"वहिनी, हा दोर मला द्या. आठवण म्हणून."

ती उसळलीच. "आठवन कायले? सकाळी मले मोजा लागते ना!"

मी दोराला हात लावला... ओला होता.