खडीवर पिळलेले लिंबू

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. जुन्या सवयीने प्रथम दिवस आणि जबाबदार इसम नोंदवतो. दसऱ्याचा दुसरा दिवस: खडी निवडली — जबाबदार, चौगुले मास्तर. दिवाळीचा पाडवा: रोपे पिवळी पडली — जबाबदार, चौगुले मास्तर. मार्गशीर्षातला पहिला सोमवार: मास्तरांची गगनबावड्याला रवानगी — जबाबदार, तेच. ही यादी कोल्हापूरच्या एका साप्ताहिकात छापून आलेल्या माझ्याच तीन पत्रांतली आहे. ती खोटी आहे.

संस्थान विलीन झाले, त्या वर्षी आमच्या शाळेत मातीविना, नुसत्या खडीत आणि क्षारांच्या पाण्यावर टोमॅटो वाढवायचे ठरले. प्रयोग शास्त्र शिकवणाऱ्या चौगुले मास्तरांचा. शाळेच्या समितीचा अध्यक्ष मी — वकिली सोडलेला, पत्रे न सोडलेला. मास्तरांना खाणीतली काळी खडी हवी होती. मी मात्र भर सभेत सांगून बसलो होतो, की खडी माझ्या हातकणंगल्याच्या मळ्यातली येईल. मास्तर हसून म्हणाले, "येऊ द्या की, साहेब. फकस्त लिंबू पिळून बघा. फसफसली तर चुना हाय. मग अंगणात पसरा, झाडास्नी नको."

दुसऱ्या दिवशी जेवताना ताटातलीच फोड मी एका खड्यावर पिळली. फेस आला. आवाजही — बारीक, पण आला. सूनबाई वाढत होत्या. त्यांना दिसू नये म्हणून मी तो खडा धोतराच्या सोग्याने पुसला. का? सभेत दिलेला शब्द एका मास्तरापुढे मागे घ्यावा लागेल म्हणून? संध्याकाळी मी समितीला कळवले — तपासली, निर्दोष आहे.

पुढे कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या — चुन्याने झाडाचे लोह अडवल्याची खूण. चौकशी निघाली. मला कोणी विचारण्याआधीच मी साप्ताहिकात लिहून मोकळा झालो, की मास्तरांनी क्षार चुकीचे मिसळले. बदलीवर निघताना ते दारात आले. बसले नाहीत.

"साहेब, लिंबू पिळून बघितलंसा न्हवं?"

"बघितले," मी म्हणालो. हे वाक्य कोणत्याही कोर्टात टिकले असते — हीच त्यातली नीचता.

इतकी वर्षे झाली. अजून पंक्तीत कोणी लिंबू पिळले, की माझा घास थांबतो. कोणी ऐकले तर? काय ऐकले तर?

त्याच साप्ताहिकाला आज चौथे पत्र धाडले आहे. सदर समितीच्या अध्यक्षाने स्वतःच्या नावानिशी जाहीर उत्तर द्यावे: लिंबू पिळल्यावर खडी फसफसली होती की नव्हती?

उत्तर सोबत जोडले आहे. फसफसली होती.