लहानखुरी सून, थोराड सासू

माझी बायको चार फूट आठ इंच, आणि मी जवळजवळ सहा फूट. लग्नात फोटोग्राफरनं तिला माझ्या शेजारी पाटावर उभं केलं होतं, त्यावर आम्ही दोघंही पुष्कळ हसलो होतो. तिला दिवस गेले तेव्हा मात्र हा फरक हसण्यावारी नेता येईना. गंगापूर रोडवरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिची उंची मोजली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नॉर्मलचा प्रयत्न जरूर करू. पण अडलंच तर ऑपरेशन करावं लागेल, एवढं मनात असू द्या."

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "माझी आई माझ्याएवढीच होती. आम्ही दोघी बहिणी नीट झालो की तिला."

तिची आई आता नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर माहेरात करणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून सातव्या महिन्यात माझी आई निफाडजवळच्या आमच्या गावाहून नाशिकला राहायला आली.

आई अंगापिंडानं थोराड. स्वयंपाकघरात ती उभी राहिली की दुसऱ्या माणसाला वळायला जागा उरत नाही. आल्या दिवशीच तिनं सांगून टाकलं, "डॉक्टरला म्हणावं, सरळ ऑपरेशनची तारीख द्या. नॉर्मल-बिर्मल काय नको."

बायकोला ते लागलं. त्यात आई तिच्या खाण्यावर नजर ठेवू लागली. शेजारणीनं पाठवलेले डिंकाचे लाडू आईनं वरच्या फळीवर ठेवून दिले. बायकोनं दुसऱ्यांदा भात मागितला तर म्हणायची, "भाजी घे पोरी, भात राहू दे." गरोदर सुनेला सासू पोटभर खाऊ देत नाही, असं आमच्याकडे कोणी ऐकलं नसेल.

"त्यांना माझी उंची लग्नाआधी दिसली नव्हती का?" बायको मला म्हणाली. "आता प्रत्येक घासाला आठवण करून देतात."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बायको आत झोपली होती, आई मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "तू तिला खाऊ का देत नाहीस? तिला वाईट वाटतं."

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. "पोर लय वाढलं म्हंजे?" ती म्हणाली. "तू वाढला होता तसं."

मग ती हळूहळू बोलत गेली. तिला दिवस गेले तेव्हा गावातल्या बाया म्हणायच्या, ही एवढी दणकट, हिचं काय, शिंकली तरी बाळंत होईल. तिलाही तसंच वाटलं होतं. कळा सुरू झाल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. माझं डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले.

"दोघीतिघी माझ्या अंगावर रेटा देत होत्या. खालून तुला ओढला. काळानिळा झाला होता तू. रडला नाय लवकर. अन् हा हात," तिनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, "कितीतरी महिने लुळा लोंबायचा."

माझा डावा हात आजही पूर्ण वर जात नाही. मी झोळीतून पडलो होतो, असं मला लहानपणापासून माहीत होतं. तसं मी आईला म्हटलं.

"मग काय सांगू? बाया म्हणाल्या, खाऊन खाऊन पोर फुगवलं हिनं. मलाबी तसंच वाटायचं. झोळीतून पडला म्हटलं म्हंजे पुढं कोण विचारत नाय."

एवढ्या वर्षांत तिनं दुसरं मूल का होऊ दिलं नाही, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि तेव्हाही विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "हे तिला सांग. ती वेगळंच समजतेय."

आईनं तिला थेट सांगितलं नाही. पुढच्या तपासणीला ती आमच्याबरोबर आली आणि बायकोच्या देखत डॉक्टरीणबाईंपुढे सगळं बोलून मोकळी झाली.

"मावशी, तेव्हा तुमची साखर कोणी तपासली होती?" त्यांनी विचारलं.

"कसली साखर?"

"काही बायकांची गरोदरपणातच वाढते, अंगानं भारी असलं तर जास्तच. मग बाळ मोठं होतं. तुमचं तसं झालं असेल. आता खात्रीनं कोण सांगणार? पण तुम्ही हावरटपणा केला असं मनात धरू नका. हिची साखर ठीक आहे. हिला जेवू द्या."

"अन् बाळ याच्यावर गेलं तर?"

"लहानखुऱ्या बाईचं बाळ बहुतेक तिला झेपेल एवढंच वाढतं. बापाचं हाडपेर नंतर दिसतं. पण बाहेरून बघून आतली वाट कळत नाही, हिचीही नाही आणि तुमचीही नव्हती."

घरी आल्यावर आईनं फळीवरचा डबा काढून बायकोसमोर ठेवला. बायकोनं एक लाडू घेतला, अर्धा मोडून आईला दिला.

कळा सकाळी सुरू झाल्या. दवाखान्यात दिवसभर आई तिच्या कमरेला हात लावून बसली होती. ऑपरेशनचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोकं तिरकं बसलंय, खाली सरकत नाही, आता थांबायला नको. बायको रडली. "उंचीच नडली ना?"

"नडली असेल, नसेलही. उंच बायकांचंही असं होतं," त्या म्हणाल्या.

मुलगी झाली, पावणेतीन किलोची. मी तिचे दोन्ही हात वर होतात का ते पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी गावाकडच्या दोन बायका भेटायला आल्या. त्यांतली एक बायकोकडे बघत म्हणाली, "केवढीशी हाय ही. शिझरच होणार होतं."

आई बाळाला घेऊन बसली होती. "मी केवढी हाय?" तिनं विचारलं. "माझं पोर अडकून मरता मरता वाचलं. याचा हात झोळीतून पडून नाय गेला, माझ्या बाळंतपणात गेला. हिनं दिवसभर कळा सोसल्या, मी बघितल्या. मापाचं बोलू नका."

बाई बाळाच्या जावळाबद्दल काहीतरी बोलली. त्या गेल्यावर बायकोनं आईला विचारलं, "तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?"

"कोण नाय. सासू बाहेर पायरीवर बसली होती."

"भीती वाटली?"

"लय," आई म्हणाली आणि खुर्ची कॉटजवळ ओढून घेऊन सांगायला लागली. मी चहा आणायला खाली गेलो. चहा घेऊन परत आलो तरी त्या दोघी बोलतच होत्या.