जपानीचे सर आणि सहा प्रेमकथा

जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मत नसणं हा आमच्या जपानीच्या सरांच्या लेखी आजार होता, आणि त्यावर औषध एकच: दहा ओळी, शाईच्या पेनाने, समास सोडून. सर स्वतः ते औषध अखंड घेत. मिसळ खाल्ली की बिलाच्या पाठीवर ‘रस्सा प्रामाणिक, फरसाण शिळं, मालक आत्मसंतुष्ट’ असं लिहून तो कागद मालकाच्याच हातात ठेवत. दाढ काढल्यावर तोंडात कापसाचा बोळा असताना त्यांनी दंतवैद्याला लेखी अभिप्राय दिला होता. लग्नपत्रिका आली की शुद्धलेखन तपासून परत पाठवत. त्यामुळे हळूहळू पत्रिका यायच्याच बंद झाल्या.

आठवडाभर सर कात्रजच्या फ्लॅटवर एकटे बसून जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत आणत. रविवारी सकाळी नऊ वाजता पेठेतल्या एका शाळेच्या भाड्याच्या वर्गात आम्हाला शिकवत. नऊ वाजून एक मिनिटाने दार बंद. आम्ही सगळे आयटीतले, कंपनी जपानला पाठवेल या आशेवर आलेले. मी यवतमाळहून येऊन हडपसरला एका खोलीत राहत होते. पुण्यात माझ्याशी जी माणसं आठवड्यातून एकदा का होईना बोलत, ती याच वर्गातली. सरांचंही तसंच असावं, कारण तास साडेदहाला संपायचा आणि सर फळा पुसायला पावणेअकरापर्यंत वेळ लावायचे.

ते पुस्तक माझं होतं. ऑफिसातल्या मैत्रिणीने जपानहून येताना आणलेला मंगाचा, म्हणजे चित्रकथांचा संग्रह. सहा लहान गोष्टी, सहाही पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाच्या. मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. एका रविवारी अडलेला शब्द विचारायला म्हणून मी ते धीर करून सरांपुढे उघडलं. सरांनी चार पानं उलटली, पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून वाचली, आणि वर्गाला म्हणाले, “तुम्ही सगळे पाठ्यपुस्तकासारखं जपानी बोलता. इथे माणसं बोलतायत. हे वाचायचं. झेरॉक्स काढा.”

तीन आठवडे आम्ही त्या गोष्टी वाचल्या आणि चौथ्या रविवारी नावं न घालता अभिप्राय दिले. सरांनी ते लाल शाईत तपासून वर्गातच वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं, “सगळ्यांच्या हनुवट्या इतक्या टोकदार का?” शेरा: “योग्य प्रश्न.” दुसऱ्याने लिहिलं होतं, “पुरुष असे रडत नाहीत.” शेरा: “निरीक्षण अपुरं.” तिसरं म्हणणं होतं, “आपल्याकडे असं नसतं.” त्याखाली होतं, “‘आपल्याकडे’ म्हणजे नक्की कुणाकडे? सर्वनाम संदिग्ध.” आम्ही पोट धरून हसलो.

मी तिसऱ्या गोष्टीवर लिहिलं होतं. त्यात एका कचेरीत अकरा वर्षं शेजारी बसणारे दोघे. एकाची बदली होते. दुसरा त्याला स्टेशनवर सोडायला जातो आणि ‘तिकडे थंडी फार, मफलर घे’ एवढंच म्हणतो. ही गोष्ट सर स्वतः मोठ्याने वाचत होते, पण मफलरपाशी थांबले, चष्मा काढला, आणि म्हणाले, “पुढचं घरी वाचा.” मी लिहिलं, “गोष्ट अपुरी वाटते. तो बोलत का नाही?” त्यावरचा शेरा मात्र सरांनी वर्गात वाचला नाही. अक्षर ओळखून कागद घडी घालून माझ्या हातात दिला. बसमध्ये उघडला. लिहिलं होतं, “क्रियापद होतं. काळ चुकला.”

पुढच्या रविवारी वर्गातल्या एकीचे वडील दारात उभे राहिले. हातात तिच्या झेरॉक्स. “अहो सर, आपल्याला वयाचं तरी भान आहे का? हे शिकवता मुलांना?”

“मुलं पंचविशीची आहेत,” सर म्हणाले. “आपण बसा. यातली कुठली गोष्ट वाचलीत?”

“मी एकही वाचलेली नाही!”

“मग अभिप्राय विचारात घेता येत नाही.”

कोणीतरी हसलं आणि तिथेच सगळं बिनसलं. वडील शाळेच्या मुख्याध्यापकांना घरून घेऊन आले. मुख्याध्यापकांनी विचारलं, “पुस्तक आणलं कोणी?” माझं बोट पिशवीच्या बंदात अडकलं होतं. यवतमाळला कळलं तर काय होईल, एवढंच डोक्यात होतं. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझं आहे.”

महिनाअखेरीला वर्ग बंद झाला. आम्ही एकमेकांना ईमेल करू म्हणालो आणि दोन-तीन केलेही.

सहा-सात महिन्यांनी माझं ओसाकाचं पक्कं झालं. एका रविवारी खरेदीला पेठेत गेले, तर शाळेसमोरच्या बसस्टॉपवर सर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर शबनम पिशवी. दोन बसा आल्या नि गेल्या, सर उठले नाहीत. मी रस्ता ओलांडून जवळ गेले.

“सर, इथे?”

“इथे ऊन चांगलं येतं.” घड्याळात साडेनऊ झाले होते.

मी शेजारी बसले. इतके दिवस राहून गेलेलं वाक्य बोलून टाकलं. “सर, पुस्तक माझं होतं हे मी तेव्हा सांगायला हवं होतं.”

“सांगून काय झालं असतं? वर्ग बंद व्हायचाच होता. वर तुमच्या घरी कळलं असतं.” ते समोरच्या बंद फाटकाकडे बघू लागले. “मला घरी कळायला कोणी नाही.”

आम्ही साडेदहापर्यंत बसलो. सरांनी शबनममधून दोन पेरू काढले, एक मला दिला, मीठ नाही म्हणून दिलगिरीही व्यक्त केली. उठताना रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, “पुढच्या रविवारी या बाजूला येणं आहे का?”

“येते ना, सर,” मी म्हटलं.

माझं विमान गुरुवारचं होतं.