कूलरमध्ये भरलेला कापूस

वसमतला आमच्या दोन पत्र्याच्या खोल्या होत्या. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सत्तरच्या दशकातली गोष्ट; त्या गल्लीत कूलर फक्त आमच्याकडे, तोही जुना, पत्र्याच्या पेटीचा. मला त्याचा भारी तोरा होता. दरवर्षी शिमगा झाला की एक म्हातारे मिस्त्री सायकलवर यायचे. गवत बदलायचे, मोटारीला तेल द्यायचे, वायरी तपासायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

त्या वर्षी मी त्यांना दारातूनच परत लावलं. "गवत बदलायला मिस्त्री काहून पाहिजे? आमी करतो की!" माझी जीभ तेव्हा फार चालायची. चाचा "बरं बेटी" म्हणून सायकल वळवून गेले.

गवत आणायचंही मला जिवावर आलं. घरात गादीसाठी आणलेला कापूस पडून होता. जिनिंगवाल्याच्या बायकोला कापसाशिवाय दुसरं काय सुचणार! तिन्ही बाजूंनी ठासून भरला. पाणी पडताच त्याचा लगदा झाला. पंखा नुसताच घुमायचा, वारा म्हणून न्हाई.

वैशाखात माझी तीन महिन्यांची पोरगी तापानं फणफणली. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा ताप आहे, लेकराला गारव्यात ठेवा, न्हाईतर अवघड आहे. मालक कामावर. पोरीला शेजारणीजवळ देऊन मी भर उन्हात चाचांच्या घरी गेले. मान वर होईना. "चाचा, चुकलं माझं. लेकरू तापलंय." ते जेवत होते. ताट तसंच सरकवून उठले.

त्यांनी कूलरमधला लगदा पाहिला. "बेटी, रजई भरली का गं?" मला हसू न्हाई आलं, रडूच आलं. ते पिशवीतून हत्यारं काढून राहिले होते. तेवढ्यात मी पोरीला शेजारणीकडून आणून लोखंडी खाटेवर निजवलं, एका हातात ओलं फडकं, आणि गवत बदलल्यावर वारा बराबर लागावा म्हणून खाट कूलरकडे ढकलू लागले.

"थांब! हात काढ!" चाचा एवढ्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते. त्यांनी पेटीला टेस्टर लावला होता आणि तो पेटला होता. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग आत पाहिलं. उंदरानं वायर कुरतडली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. मी रोज रबरी चप्पल घालून प्लॅस्टिकच्या बादलीनं पाणी ओतायचे, म्हणून वाचले होते. खाट पेटीपासून चारच बोटं लांब होती.

मी पोरीला उचलून छातीशी धरलं. चाचांनी वायर बदलली, सायकलवरून नवं गवत आणून भरलं, बटण दाबलं. गार वारा सुटला. संध्याकाळपर्यंत पोरगी दूध प्यायली.

शिमग्यातल्या माझ्या बोलण्याचा त्यांनी त्या दिवशी काय, पुढं कधीच विषय काढला न्हाई. त्या दुपारी "आता न्हाई जमत" म्हणायचा त्यांना पुरता हक्क होता. ते जेवण टाकून आले, म्हणून मी लेकुरवाळी राहिले.